डोमाजीचे दोन शब्द

आमच्या वॉर्डात सुनेला नाव नसतं, गाव असतं. मी लग्न होऊन बालाघाटला आले तेव्हापासून किरनापूरवाली आहे, आणि मेल्यावरही लोक किरनापूरवाली गेली असंच म्हणतील. शेजारची नूतन बैहरवाली. माझी सून संघमित्रा तिरोडीची, म्हणून ती तिरोडीवाली. यात कोणी वाईट मानत नाही. पण मी नवी होते तेव्हा मला निदान हाक मारणाऱ्या चारजणी होत्या. हिला कोणी हाकच मारत नव्हतं, आणि हीसुद्धा कोणाशी बोलायला जात नव्हती. डोक्यावर पदर, मान खाली, विहारात मागच्या ओळीत भिंतीला टेकून बसायची. माझ्यासारख्या तोंडाळ बाईच्या घरी अशी अबोल सून यावी, हे पाहून अख्खा वॉर्ड गालातल्या गालात हसायचा.

घरात मात्र ती बोलायची. अर्धी हिंदी, अर्धी मराठी, पण बोलायची, आणि सगळ्यात जास्त रंगांबद्दल बोलायची. लग्नाआधी तिनं वारासिवनीला विणकरांकडे राहून कपडे रंगवायचं शिक्षण घेतलं होतं. तिच्या पेटीत शालूशेले कमी आणि रंगाच्या पुड्या जास्त निघाल्या, तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. माझे मालक चैतराम म्हणाले, भांडी तर आपल्याकडे आहेतच, रंग नव्हते. त्यांचं सगळं असंच असतं. घर जळत असलं तरी ते म्हणतील, चला, उजेड पडला.

उन्हाळा लागत होता तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी जेवताना महेंद्र, म्हणजे माझा मुलगा, ताटाकडे बघत म्हणाला की नागपूरकडच्या बुटीबोरीच्या कारखान्यात त्याच्या मित्रानं त्याच्यासाठी शब्द टाकला आहे. इथं त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान चांगलं चालतं, पैशाची तंगी नाही. मी विचारलं, मग काहून जातोस? संघमित्रा तेव्हा मागच्या अंगणात होती. तो हळू आवाजात म्हणाला, "तिचं मन नाही लागून राह्यलं इथं, आई. दिवसभर कोणाशी बोलत नाही. तिकडे तिच्या मावशीच्या पोरी आहेत. भीमजयंती होऊ दे, मंग तिले विचारतो. ती म्हणन तसं."

पोरगा खोटं बोलत नव्हता. सून सुकत चालली होती आणि ते मलाही दिसत होतं. पण ही दोघं गेली तर घरात मी आणि चैतराम, आणि चैतराम म्हणजे अर्धाच माणूस, बाकीचा अर्धा पेपरात असतो. ती दोघं जाऊ नयेत, एवढं एकच माझ्या मनात होतं. पण सुनेला थांब म्हणायचं तर कशाच्या जोरावर म्हणायचं?

त्याच आठवड्यात जयंतीच्या मिरवणुकीसाठी विहारात बायकांची बैठक झाली. मागच्या वर्षी ठरलं होतं की सगळ्यांनी निळ्या साड्या नेसायच्या. नेसल्याही. कोणी आभाळी, कोणी जांभळट, कोणी मोरपंखी, आणि नूतन तर चक्क हिरवी नेसून आली आणि उन्हात निळी दिसते म्हणून भांडली. शिवाय सगळ्या साड्या त्या घसरणाऱ्या, प्लास्टिकच्या. एप्रिलचं ऊन, अंगाला चिकटलेली साडी, दोघींना चक्कर आली. या वर्षी सुती हव्यात आणि एकाच रंगाच्या हव्यात, असं सगळ्या म्हणाल्या. पण अशा साड्या आणायच्या कुठून?

संघमित्रानं आदल्या दिवशीच भाजी चिरताना मला सांगितलं होतं, की प्रत्येकीकडे विहारात नेसायची पांढरी सुती साडी असतेच. जुनी झालेली, वापरातून बाजूला पडलेली एक तरी असतेच. त्या एकत्र रंगवल्या तर सगळ्या एकसारख्या निघतील. तिनं हे कांदा चिरता चिरता सहज म्हटलं होतं. मी मात्र बैठकीत उठले आणि म्हटलं, माझी सून सगळ्यांच्या साड्या रंगवून देते. मागच्या ओळीत संघमित्रानं पदराआडून माझ्याकडे असं पाहिलं की, मी सासू नसते तर तिनं तिथेच माझी वेणी ओढली असती.

बायकांनी नाना शंका काढल्या. रंग सुटणार, अंगाला लागणार, घामात वाहणार. तेवढ्यात विमलाबाई बोलल्या, आणि त्या बोलल्या की बाकीच्या गप्प होतात. विमलाबाई वॉर्डातल्या सगळ्यात म्हाताऱ्या. कोणाच्या घरी पाळण्यापासून तिरडीपर्यंत काहीही असो, त्यांना विचारल्याशिवाय होत नाही. त्यांच्याकडे पांढरी साडी एकच. दुसरी असली तर त्या कोणाला तरी देऊन टाकतात. त्या म्हणाल्या, "माही साडी घे पह्यली. चांगली झाली तं बुद्धपौर्णिमेले बी निळीच नेसीन, कोण अडवते मले पाहतो. पण बिघडली तं तिरोडीवाली, मले तोंड दाखवू नको." शेवटचं वाक्य त्यांनी हसून म्हटलं. पण विमलाबाईंचं हसणंसुद्धा ऐकणाऱ्याला घाम फोडतं.

त्या रात्री संघमित्रा माझ्याशी बोलली नाही. सकाळी उठली ती मात्र कामालाच लागली.

पहिल्यांदा साड्या तपासल्या. मला वाटायचं, साडी सुती आहे की नाही हे हात लावला की कळतं. तिनं प्रत्येक साडीच्या काठातून एक धागा ओढला आणि दिव्यावर धरला. खरा सुती धागा कागदासारखा जळतो, त्याची राख बोटानं चुरडली की पीठ होते. नकली धागा वितळतो आणि त्याचा टणक मणी बनतो. हा जो रंग आहे तो फक्त झाडाचा नाहीतर किड्याचा धागा ओळखतो, म्हणजे सुती आणि रेशीम. प्लास्टिकला तो दारातूनच परत पाठवतो, असं ती म्हणाली. बायका आपापल्या साडीच्या धाग्याकडे श्वास रोखून बघत होत्या, जणू शाळेचा निकाल लागतो आहे. नूतनच्या धाग्याचा मणी झाला. तिच्या बहिणीनं ती साडी शंभर टक्के सुती म्हणून नागपुरातून आणली होती. नूतन आधी दिव्याला दोष देत होती, मग वातीला, मग तिनं बहिणीला फोन लावला आणि अर्धा तास तिची हजेरी घेतली. शेवटी मी माझी एक जादा साडी तिला दिली. फुकट दिली, हे मी तिला अजूनही अधूनमधून आठवण करून देते.

मग रंग निवडायची पाळी. बाजारात निळ्याच्या पुड्या कितीतरी, आणि पुडीतल्या पावडरीवरून काही म्हणजे काही कळत नाही. एक काळसर दिसते आणि पाण्यात जांभळी होते, दुसरी जांभळी दिसते आणि निळी होते. संघमित्रानं चैतरामांचं जुनं धोतर फाडून पट्ट्या केल्या. चैतरामांनी विचारलं, की हे मी नेसणार होतो का? मी म्हटलं, आता नाही. प्रत्येक पट्टी वेगळ्या पुडीत बुडवून तिनं अंगणातल्या दोरीवर वाळत घातली. मोरपंखी निळा तिनं आधीच बाजूला काढला. तो फार हट्टी असतो, गरम पाण्याशिवाय धरत नाही, आणि एवढं पाणी कोण तापवत बसणार? बाकीचे रंग गार पाण्यात धरतात, आणि आमच्या उन्हाळ्यात गार पाणीही कोमटच असतं.

त्या पट्ट्या दोरीवर लागल्या आणि आमच्या फाटकावर बायका यायला लागल्या. मी एवढी वर्षं या घरात आहे, पण असं कधी झालं नव्हतं. कोणी म्हणे हा घ्या, कोणी म्हणे तो घ्या. संघमित्रा त्यांना हळूच सांगायची, अभी मत देखो, ओला रंग खोटं बोलतो, वाळला की खरं सांगतो. बायका वाळेपर्यंत थांबायच्या. थांबायचं म्हणजे चहा आला, चहा आला म्हणजे गप्पा आल्या. मी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकायचे. सून कोणाला काय उत्तर देते, किती शब्द बोलते, हे मी मनात टिपत होते. मला लाज नाही वाटत हे सांगायला.

शेवटी विमलाबाईंनी दोन पट्ट्या हातात धरल्या आणि म्हणाल्या की या दोघींच्या मधला पाहिजे, झेंड्यासारखा. संघमित्रानं दोन पुड्या मिसळून तो निळा काढला. तो वाळल्यावर आमच्या दोरीवर झेंडाच फडकतो आहे असं वाटलं, आणि विमलाबाईंनी मान हलवली.

जयंतीच्या आधीच्या रविवारी रंगवायचं ठरलं. बायकांनी समाजाचे स्वयंपाकाचे मोठे गंज आणले, ज्यांत वॉर्डातल्या प्रत्येक लग्नाचा भात शिजतो. संघमित्रा नको म्हणाली. ते ॲल्युमिनियमचे, सोड्यानं खराब होतील, आणि रंगाच्या भांड्यात पुन्हा अन्न शिजवू नये. यावर दोघीतिघींनी नाकं मुरडली, की आमच्या भांड्यात असा काय दोष. मी त्यांना म्हटलं, पुढच्या लग्नात निळा भात खायचा असेल तर खुशाल वापरा. महेंद्रनं प्लास्टिकचे ड्रम आडवे कापून आणले. नूतन सोडा घेऊन आली, तो खायचा सोडा निघाला, भज्यात घालतात तो. तिला परत पाठवून धुण्याचा सोडा आणवला. ती जाताना पुटपुटत होती, की सोडा तो सोडाच, त्यात काय एवढं.

साड्या आदल्या दिवशीच गरम पाण्यात साबणानं धुतल्या होत्या, कारण त्यांच्या अंगात खळ असली तर रंग आत शिरत नाही. आम्ही त्रिशरण पंचशील म्हटलं, आणि मग रंग पाण्यात कालवला, मीठ घातलं, ओल्या साड्या सोडल्या, आणि लांब काठ्यांनी वरखाली करायला लागलो. संघमित्रानं बायकांना समजावलं. हा रंग कापडावर नुसता बसत नाही, तो धाग्याशी लग्न लावतो. मीठ म्हणजे मध्यस्थ, ते रंगाला धाग्याजवळ नेऊन उभं करतं. सोडा पडला की मंगल परिणय, मग सोडचिठ्ठी नाही. बायका खो खो हसल्या. पण तिचं पुढचं वाक्य तिनं न हसता सांगितलं. सोडा पडल्यावर हात थांबवायचा नाही. कापड जिथं घडी होऊन थांबेल तिथं रंग कमीजास्त धरेल, आणि एकदा धरला की तो डाग निघत नाही.

सगळ्या हौ म्हणाल्या. सोडा पडला. काठ्या जोरात फिरायला लागल्या. पाण्याचा वास, बांगड्यांचा आवाज, कोणीतरी गाणं धरलं, आणि मला वाटलं की आज सगळं चांगलं होणार.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि डोमाजी आत आले.

डोमाजी आमच्या विहार समितीचे अध्यक्ष. जंगलखात्यात बैहरकडे नोकरी केली, रिटायर होऊन वॉर्डात आले. माणूस सोन्यासारखा. कोणाच्याही दवाखान्यात, कोणाच्याही कचेरीत पहिले हजर. पण त्यांना भाषण आवडतं. तिकडं झाडांनी ऐकून घेतलं नसेल, म्हणून सगळं आमच्यासाठी साठवून आणलं, असं चैतराम म्हणतात. बारसं असो की बोअरवेलचं उद्घाटन, कोणीतरी म्हणतं, अध्यक्षांनी दोन शब्द बोलावे, आणि त्या दोन शब्दांत दोन वेळा चहा गार होतो. आणि आमच्याकडे एक रीत आहे. अध्यक्ष बोलायला उभे राहिले की बायका हातातलं काम सोडतात, डोक्यावर पदर घेतात आणि हात जोडून उभ्या राहतात. कोणी शिकवलेली नाही, पण मोडलेलीही नाही.

डोमाजींनी ड्रमांकडे कौतुकानं पाहिलं. आणि नूतन, जिला अजून सोड्यासोड्यातला फरक कळला नव्हता, ती सवयीनं म्हणाली की अध्यक्षजी आले आहेत तर त्यांनी दोन शब्द बोलावे.

काठ्या ड्रमाच्या काठाला टेकल्या. सगळ्यांचे पदर डोक्यावर गेले, हात जोडले गेले. माझेही गेले, खोटं कशाला सांगू? डोमाजींनी घसा साफ केला आणि सुरुवात केली, की बंधू आणि भगिनींनो, आजचा हा दिवस. बंधू म्हणजे फक्त चैतराम, तेही ओसरीत पेपर घेऊन. मी ड्रमात पाहिलं. विमलाबाईंची साडी एका कडेला घडी होऊन बसली होती, आणि पाणी अगदी शांत झालं होतं. संघमित्राचा चेहरा पांढरा पडला. अध्यक्षांना मध्ये थांबवणं आमच्यात कोणी केलेलं नाही. मी तोंडाळ आहे, पण मीसुद्धा नाही. आणि ही तर सून, त्यातही लग्नाला दीडच वर्ष झालेली, जिचा आवाज वॉर्डानं ऐकलेला नाही. डोमाजी आता वस्त्रांचं मानवी जीवनात काय महत्त्व आहे, इथपर्यंत आले होते.

संघमित्रानं पदर कमरेला खोचला. नूतनच्या हातापाशी टेकलेली काठी उचलली, ती घेऊन ड्रमाला वळसा घालून डोमाजींपुढे उभी राहिली, आणि मोठ्या आवाजात म्हणाली, "बाबूजी, तुम्ही बोला. बोलाले कोणाची मनाई नाही. पण इथं हात थांबला तं साड्यांवर डाग पडते, मंग माहं तोंड या वॉर्डात काळं होते. हे काठी घ्या आन् फिरवत फिरवत बोला."

डोमाजी काठीकडे पाहत राहिले. त्यांचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काही येत नव्हतं. हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं, बाह्या वर केल्या आणि काठी घेतली.

"वस्त्र हे," ते म्हणाले आणि काठी फिरवली. ओल्या सुती साड्यांनी भरलेला ड्रम ढवळणं म्हणजे चेष्टा नाही, ते पाण्यात बसलेल्या म्हशीला उठवण्यासारखं आहे. "मानवाच्या," ते म्हणाले आणि धापा टाकल्या. आणखी दोन फेरे झाले. मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आणि त्यांनाच हसू आलं. "जय भीम," ते म्हणाले. "झालं माहं भाषण. तुमी काहून उभ्या हा वं, हात चालवा."

आम्ही जय भीम म्हटलं आणि तुटून पडलो. एवढं हसणं आमच्या अंगणात कधी झालं नव्हतं. संघमित्रा या ड्रमावरून त्या ड्रमावर फिरत होती, घडी उघडा म्हणून ओरडत होती, विमलाबाईंनासुद्धा बाजूला सरका म्हणाली, आणि विमलाबाई सरकल्या. डोमाजी शेवटपर्यंत काठी सोडेनात. त्यांचे हात मनगटापर्यंत निळे झाले आणि पुढचे कितीतरी दिवस तसेच राहिले.

रंग धरला, साड्या झाकून ठेवल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धुवायला काढल्या. धुणं म्हणजे मोठं प्रकरण. आधी थंड पाणी, मग गरम साबणाचं, मग पुन्हा साधं. पाणी स्वच्छ निघेपर्यंत थांबायचं नाही. लग्न न लागलेला रंग सगळा बाहेर काढावा लागतो, नाहीतर तोच पुढे बदनामी करतो. एकेक साडी दोरीवर चढत गेली. झेंड्याचा निळा, सगळ्या एकसारख्या. बायका स्वतःची साडी ओळखू येईना म्हणून काठ तपासत होत्या.

मग विमलाबाईंची साडी निघाली. एका कडेला वीतभर जागेत रंग फिका होता, ढगासारखा. संघमित्रा ती साडी हातात धरून उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती म्हणाली की पुन्हा रंगवून देते, अजून वेळ आहे, थोडं गडद होईल पण झाकलं जाईल. विमलाबाईंनी साडी तिच्या हातातून घेतली आणि उन्हासमोर धरली. मी तोंडात शब्द तयार ठेवले होते. माझ्या सुनेला कोणी काही बोललं असतं, तर त्या विमलाबाई असोत की आणखी कोणी, मी सोडणार नव्हते.

"हा डाग तुहा नाही," विमलाबाई म्हणाल्या. "हे डोमाजीचे दोन शब्द आहेत. याले हात लावू नको. मी हे जागा खांद्यावर घेतो, मिरवणुकीत दिवसभर त्याच्यासमोर चालतो."

आणि खरंच तसं केलं. जयंतीला आमच्या वॉर्डाच्या बायका एका निळ्यात निघाल्या तेव्हा रस्त्यावरचे लोक थांबून पाहत होते. सुती साडी, वारा आत जातो, कोणाला चक्कर आली नाही. घामात रंगाचा एक थेंब सुटला नाही. सगळ्यात पुढे विमलाबाई, खांद्यावर तो ढग, आणि त्यांच्या मागेच डोमाजी निळे हात घेऊन. ज्याला त्याला विमलाबाई थांबवून सांगत होत्या की हे काय आहे आणि कसं झालं. डोमाजीही सांगत होते, आणि त्यांच्या तोंडी गोष्ट रोज थोडी वाढते. संघमित्रा पुढच्या ओळीत होती. तिला कोणी मागे जाऊच दिलं नाही. या बाजूनं कोणी ओढत होती, त्या बाजूनं कोणी. मी तिच्या मागे चालत होते आणि मला इतका अभिमान वाटत होता की घोषणा द्यायच्या राहून गेल्या.

पण माझ्या मनातला खडा अजून तसाच होता. जयंती झाली होती. महेंद्र म्हणाला होता की जयंती झाली की विचारतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहासुद्धा झाला नव्हता, आणि पलीकडच्या वॉर्डातली सरिता फाटकावर. हातात पांढऱ्या चादरी, मुलीच्या ओढण्या, आणि एक साडी. तिला ढगवाली साडी पाहिजे होती, विमलाबाईंसारखी. संघमित्रा म्हणाली की तो डाग आहे, हात थांबल्यामुळे पडतो. सरिता म्हणाली, मग थोडा वेळ हात थांबव ना बाई, त्यात काय जाते तुहं? तिच्यामागे आणखी दोघी, त्यांच्यामागे नूतन, आपली मणीवाली साडी घेऊन, परत एकदा प्रयत्न करून पाहू म्हणत. थोड्या वेळात आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. जिच्या तोंडून शब्द निघत नव्हता ती माझी सून धागे जाळत होती, बायकांना रांगेत उभं करत होती, आणि खायचा सोडा आणणारीला परत पाठवत होती. चैतरामांना तिनं पाणी भरायला लावलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत मला जे जमलं नाही ते तिला दीड वर्षात जमलं. महेंद्र दुकानाला निघाला होता, त्याला तिनं धुवायला बसवलं. तो पँट वर करून ड्रमापाशी बसला, कोपरापर्यंत निळा.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. हात ओले, म्हणून चैतरामांनी फोन त्याच्या कानाला लावला. बुटीबोरीचा मित्र होता. महेंद्र हौ, हौ म्हणत राहिला, मग त्यानं मान वळवून संघमित्राला विचारलं, "अवं, त्याले आज उत्तर पाहिजे. काय सांगू?"

माझ्या हातात साखरेचा डबा होता. मी तो घट्ट धरला.

संघमित्रा सरिताची ओढणी दिव्यावर तपासत होती. तिनं वरसुद्धा पाहिलं नाही. "पौर्णिमेपर्यंत मले डोकं खाजवाले फुरसत नाही," ती म्हणाली. "त्याच्यानंतर लग्नं आहेत, सरितादीदीच्या घरचं बी आहे. कुठं जाता? तुमी पानी बदला आधी, गढूळ झालं ते."

महेंद्र फोनमध्ये म्हणाला, "नाही जमत भाऊ. इथं घरीच मानसं कमी पडून राह्यले."

मी डबा तिथेच ठेवला, मोरीत गेले आणि रडले. चैतराम मागोमाग आले आणि दारातून विचारायला लागले की काय झालं, काही लागलं का. मी त्यांना सांगितलं, मला आनंद झाला म्हणून मी रडते आहे, तुम्ही जाऊन पाणी भरा.